गुदद्वाराचे जन्मदोष : शस्त्रक्रिया, गुंतागुंत आणि आपले कर्तव्य
(अमडापूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय संकोचाचा आहे. काही बाळांना जन्मतःच गुदद्वार नसते. आपल्या बाया म्हणतात, "बाळाले शीची जागाच नाही." ही गोष्ट घरात दबक्या आवाजात बोलली जाते आणि त्या संकोचातच मोलाचे तास निघून जातात. म्हणून आज मोकळेपणाने बोलू.

साधारणपणे पाच हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. गर्भात सुरुवातीला लघवी आणि शौच यांचा मार्ग एकच असतो. पहिल्या दोन-अडीच महिन्यांत तो विभागला जातो. ही विभागणी अपुरी राहिली की मोठे आतडे खाली उघडत नाही, किंवा भलत्याच ठिकाणी उघडते. मुलांमध्ये ते बहुधा मूत्रमार्गाला जोडलेले असते, तर मुलींमध्ये योनिमार्गाच्या तोंडाशी उघडते. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे होत नाही आणि मागच्या जन्मीच्या पापामुळे तर नाहीच नाही. पूर्वजन्मीच्या कर्मावर या जन्मीचे दुःख लादणारी कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात खोडून काढली आहे. तेव्हा सुनेला बोल लावणे आधी थांबले पाहिजे.

निदानाला यंत्र लागत नाही. जन्मताच बाळाची शीची जागा डोळ्यांनी पाहावी. जागा नसणे, लघवीतून किंवा योनीजवळून काळी-हिरवी शी येणे, पोट फुगणे, हिरवी उलटी होणे ही धोक्याची लक्षणे होत. मुलीला भलत्या जागेतून का होईना शी होते, म्हणून घरचे निश्चिंत राहतात. तसे राहू नये. अशा बाळाला घुटी, मध, काहीही पाजू नये. उबदार गुंडाळून तत्काळ दवाखान्यात न्यावे. तेथे सलाईन लावतात, नाकातून नळी घालून पोट मोकळे ठेवतात आणि हृदय, मूत्रपिंड, अन्ननलिका व मणके तपासतात, कारण त्यांतही दोष असू शकतो. आतड्यातील हवा खालपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. म्हणून पुष्कळदा 20 ते 24 तासांनी क्ष-किरण फोटो काढून निर्णय घेतात.

आतड्याचे टोक कातडीच्या अगदी जवळ असेल तर खालूनच छोटी शस्त्रक्रिया करून जागा तयार करता येते. टोक वर असेल तर बहुधा तीन टप्पे लागतात. पहिल्यात पोटावर शौचाचा तात्पुरता मार्ग काढतात. त्याला कोलोस्टॉमी म्हणतात. काही महिन्यांनी मुख्य शस्त्रक्रिया होते आणि शेवटी पोटावरचा मार्ग बंद करतात. मुख्य शस्त्रक्रियेची आजची प्रचलित पद्धत मेक्सिकोचे डॉ. अल्बर्टो पेन्या यांनी 1980 मध्ये प्रथम वापरली. पाठीमागून मधोमध छेद घेऊन शौच धरून ठेवणारे स्नायू डोळ्यांसमोर आणायचे आणि आतडे नेमके त्यांच्या मध्यातून खाली आणायचे, हे तिचे मर्म होय.

आता गुंतागुंतीविषयी. पोटावरच्या मार्गाभोवती कातडी सोलवटते, कधी आतडे बाहेर येते, जुलाब झाल्यास बाळ लवकर सुकते. मुख्य शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळणे, टाके उसवणे, मूत्रमार्गाला इजा होणे असे प्रकार घडू शकतात. परंतु घरच्यांच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे नवी जागा आकसू न देणे. साधारण दोन आठवड्यांनंतर धातूच्या गोल सळईने ती रोज रुंद करावी लागते. डॉक्टर आईवडिलांना हे शिकवतात. बाळाचे रडणे बघवत नाही म्हणून पालक मध्येच सोडून देतात आणि जागा आवळून पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येते. ती दोन मिनिटांची रड सोसली पाहिजे.

पुढे बद्धकोष्ठता फार आढळते. आतड्यात खडे साचून बाजूने पातळ शी गळते आणि लोक समजतात, मुलाला ताबाच नाही. औषधाने पोट साफ ठेवले की यांपैकी पुष्कळ मुले सुधारतात. पेन्या यांच्या अनुभवात सुमारे 75 टक्के मुलांना स्वतःहून शौचाला जाता येते. काहींचे कपडे अधूनमधून खराब होतात. उरलेल्यांना रोज ठरावीक वेळी एनिमा देऊन दिवसभर कोरडे ठेवता येते. असे मूल शाळेत जाऊ शकते, खेळू शकते.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बालशल्यचिकित्सेचा समावेश आहे. शासकीय दवाखान्यात नवजात बाळाच्या उपचारासाठी व ने-आणीसाठी 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. 108 क्रमांकाची गाडी बोलवावी. निघण्यापूर्वी जेथे जायचे तेथे बालशल्यचिकित्सक आहेत ना, याची दवाखान्यातूनच फोनवर खात्री करून घ्यावी.

बंधू-भगिनींनो, महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि बिछान्यावर निजवले. मग संघाला समजावले की आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा. ज्या मुलाच्या कपड्यांना वास येतो म्हणून वर्गात कोणी शेजारी बसत नाही, ते मूल आपल्यासाठी तोच भिक्खू आहे. गुरुजींनी त्याला दाराजवळ बसवावे, न विचारता बाहेर जाऊ द्यावे. शेजारणीने नाक मुरडू नये. आणि समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा घरच्या आईला गाडीत एकटी बसू देऊ नये, सोबत जावे.