खांद्याला खांदा : मारुती आठशेची गोष्ट
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि राज्य सरकारच्या नोकरीला लागलो, एवढीच माझी पात्रता. पण आपली मूर्ती दरवर्षी माझ्या मारुती आठशेतून येते, तेव्हा त्या गाडीवरच दहा मिनिटं बोला, असं अध्यक्ष म्हणाले.

आठशेच्या मागच्या सीटवर तिघं बसले की खांद्याला खांदा घासतो, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. तो का घासतो, याचं उत्तर जपानच्या नियमांत आहे. युद्धानंतर तिथं लोकांच्या हातात पैसा नव्हता. सरकारनं छोट्या गाड्यांचा 'केई' नावाचा वेगळा वर्ग केला. ठरलेल्या मापात गाडी बसवा, कर कमी भरा. सुझुकी ही मुळात हमामात्सू गावातली यंत्रमाग बनवणारी कंपनी. तिनं 1955 मध्ये पहिली मोटार काढली, सुझुलाइट. टू-स्ट्रोक इंजिन, 360 सीसीचं. आपल्या बुलेटएवढं म्हणा ना! 1976 मध्ये मर्यादा वाढून 550 सीसी झाली; लांबी 3.2 मीटर आणि रुंदी 1.4 मीटरपर्यंत. आपल्या मावश्या-आत्यांचे खांदे घासतात ते या 1.4 मीटरमुळे.

पुढची गंमत करातली आहे. मी सरकारी माणूस, मला ती फार आवडते. जपानमध्ये प्रवासी गाडीवर जो कर होता, तो मालाच्या गाडीवर नव्हता. म्हणून 1979 मध्ये सुझुकीनं आल्टो आणली ती कागदावर चक्क मालाची व्हॅन म्हणून. मागची सीट नावापुरती, किंमत 4 लाख 70 हजार येन. गाडी तुफान खपली. तिचीच प्रवासी बहीण म्हणजे फ्रॉन्टे.

मारुती आणि सुझुकीचा करार 1982 च्या ऑक्टोबरात झाला. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना दिली. ते मॉडेल एसएस-80. अंग फ्रॉन्टेचं, पण इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडर, फोर-स्ट्रोक. जपानच्या केई वर्गात हे इंजिन बसलंच नसतं. आपल्याकडे ते बंधन नव्हतं. साडेसहाशे किलोच्या आसपासची हलकी गाडी आणि तिला ऐपतीपेक्षा थोडं मोठं इंजिन, म्हणून ती भेरूघाट चारजण घेऊन चढली. त्याच सुमाराला आपल्या शेजारी पिथमपूरला कायनेटिक होंडा बनू लागली होती, त्यामुळे जपानी यंत्राचा धाक इकडे लवकरच गेला.

1986 मध्ये अंग बदललं. नव्या आल्टोवरून घेतलेली, जरा लांब गाडी आली, आणि आज रस्त्यावर जी दिसते ती बहुतेक हीच. पुढे नाकडोळे गोल झाले. प्रदूषणाचे नियम आले तसा कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, मध्ये पाच गिअरचंही मॉडेल निघालं. 2008 मध्ये गॅसवरची ड्युओ आली. जानेवारी 2014 मध्ये उत्पादन थांबलं, तोपर्यंत 25 लाखांहून जास्त गाड्या निघाल्या होत्या.

आमची 1989 ची. बाबांनी 1995 मध्ये सेकंड हँड घेतली. थंडीत चोक ओढून, देवाचं नाव घेऊन सुरू करायचे. 1998 च्या जानेवारीत एका रात्री आजीला श्वास घेता येईना. त्या वेळी बेटम्याहून इंदूरला जायला काही मिळेना. आईनं मागच्या सीटवर आजीला छातीशी धरून बसवलं, मी पुढे. बाबा एक शब्द बोलले नाहीत. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं. त्यानंतर आजी नऊ वर्षं जगली आणि प्रत्येक दसऱ्याला बोनेटला हळद-कुंकू तिनंच लावलं.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. आमची मुदत पुढच्या वर्षी संपते, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजलाय. मुलगा म्हणतो, भंगारात देऊन टाका. त्याचं अगदीच चूक नाही. एअरबॅग नाही, पत्रा पातळ. अहमदाबादच्या चौपदरी रस्त्यावर ट्रकांच्या मध्ये मी स्वतः ती नेत नाही. घरात यावरून दोन महिने वाद चाललाय. बाबा त्यात पडत नाहीत, फक्त रोज सकाळी गाडी पुसतात.

शेवटी वेल्डिंगवाल्याला विचारलं. खालून पूर्ण पत्रा कापून नवा बसवावा लागेल, आठ दिवस लागतील म्हणाला. अनंत चतुर्दशीनंतर गाडी त्याच्याकडे टाकतोय. गावातल्या गावात, बाजारापुरती चालवू. मूर्ती समितीला मात्र एक विनंती आहे. यंदा मुकुट छताला टेकत होता. पुढच्या वर्षी दोन फुटांच्या वरची मूर्ती ठरवू नका, ती माझ्या दारातून आत जाणार नाही.