नुकसानीचे खाते वेगळे, वैराचे खाते वेगळे

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण. वर्धापनदिन स्मरणिकेसाठी शब्दांकन.)



 

आजचा विषय फळ्यावर वाचून काहींना नवल वाटले असेल. विहारात शिडाच्या होडीची गोष्ट कशाला? तर झाले असे. मागच्या रविवारी ग्रंथवाचन संपल्यावर आपल्यातल्याच एका तरुणाने प्रश्न विचारला. त्याची लहान शिडाची होडी गेल्या उन्हाळ्यात नांगरावर उभी होती. होडीत कोणी नव्हते. एका मोठ्या इंजिनवाल्या बोटीने वळताना तिला धडक दिली. नाळेजवळ फायबर फुटले, डोलकाठीची एक तार तुटली. बोटवाला म्हणाला, "मुद्दाम केलं का मी? चुकून लागलं. तुम्ही बुद्धाची माणसं ना, मग सोडून द्या की!" तरुणाने मला विचारले, "काका, मैत्री भावना म्हणजे भरपाई सोडून देणं का?"

मित्रहो, हा प्रश्न एकट्या होडीवाल्याचा नाही. हातगाडीला टेम्पो लागतो, शेताचा बांध ट्रॅक्टरने फुटतो, शिलाई मशीन कोणाच्या तरी हातून पडते. नुकसान गरिबाचे झाले की "चुकून झालं" हे दोन शब्द पुरेसे समजले जातात. म्हणून आज या होडीच्या निमित्ताने थोडे विचारमंथन करू.

प्रथम धम्म काय सांगतो ते पाहू. तथागतांनी कर्माचा विचार करताना चेतनेला, म्हणजे हेतूला, मुख्य स्थान दिले. चक्षुपाल स्थविरांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ते अंध होते. पावसानंतर चंक्रमण करताना त्यांच्या पायाखाली किडे मेले. इतर भिक्खूंनी तक्रार केली. भगवंतांनी निर्णय दिला की त्यांना दिसत नव्हते, मारण्याची चेतना नव्हती, म्हणून त्यांना हिंसेचा दोष नाही. हे तत्त्व फार मोलाचे आहे. ज्याने जाणूनबुजून केले नाही त्याच्याविषयी मनात द्वेष धरायला आधारच उरत नाही.

पण नीट लक्ष द्या. चेतना नव्हती म्हणून द्वेषाचे कारण संपले. फुटलेले फायबर मात्र तसेच राहिले. तुटलेली तार हेतू विचारत नाही. ती पैसे देऊन नवी आणावी लागते. म्हणून मी म्हणतो, इथे दोन खाती आहेत. एक वैराचे, एक नुकसानीचे. वैराचे खाते आपण उघडायचेच नाही. नुकसानीचे खाते पै-पैचा हिशेब होईपर्यंत बंद करायचे नाही. दोन्ही एकाच वहीत मांडली की घोटाळा होतो. मग भरपाई मागणारा भांडकुदळ ठरतो, आणि क्षमा करणारा नागवला जातो.

याचे एक फार प्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडमधले आहे. क्लाइड नदीच्या मुखाशी मडहूक यॉट क्लबच्या शर्यती होत्या. दिवस होता 5 जुलै 1894. व्हाल्किरी दुसरी ही लॉर्ड डनरेव्हन यांची शर्यतीची नौका. आदल्याच वर्षी ती अमेरिकेत जाऊन अमेरिकाज कपसाठी लढली होती. सॅटनिटा ही क्लार्क नावाच्या गृहस्थांची मोठी नौका. शर्यत सुरू होण्याच्या वेळी गर्दीतली एक छोटी बोट चुकवायला सॅटनिटा वळली आणि आवरली नाही. तिची नाळ व्हाल्किरीत घुसली. व्हाल्किरी काही मिनिटांत बुडाली. एक खलाशी दगावला.

आता सांगा, इथे द्वेष कुठे होता? कोणाला वाचवायला जाताना दुसऱ्याचे नुकसान झाले. तरीही डनरेव्हन यांनी भरपाई मागितली. त्यावर क्लार्क यांच्या बाजूने कायद्यातला एक आडोसा पुढे आला. 1862 च्या इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे मालकाचा स्वतःचा दोष नसेल, तर त्याची जबाबदारी नौकेच्या दर टनामागे 8 पौंडांपर्यंतच मर्यादित होती. म्हणजे नौका अख्खी बुडाली तरी भरपाई टनाच्या हिशेबाने, ठरलेल्या मापात! पहिल्या न्यायाधीशांनी हे मान्य केले. अपिलात निकाल फिरला आणि 1897 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फिरलेला निकाल कायम केला.

कशाच्या आधारावर? शर्यतीत उतरताना प्रत्येक स्पर्धकाने क्लबच्या चिटणीसाला लिहून दिले होते की शर्यतीचे नियम मला बंधनकारक आहेत. त्या नियमांत होते की नियम मोडून दुसऱ्या नौकेला धडक दिली तर सर्व नुकसान भरून द्यावे. डनरेव्हन आणि क्लार्क यांनी आपसात कोणताही कागद केला नव्हता. तरी न्यायालय म्हणाले की दोघांनी एकच नियम स्वीकारला, म्हणून ते एकमेकांशीही बांधले गेले. कराराचा कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलांना आजही हा खटला वाचायला मिळतो.

मला हे वाचताना पंचशील आठवते. आपण भन्तेजींसमोर शील ग्रहण करतो. शेजारी बसलेल्या माणसाशी आपण काही ठरवत नाही. पण त्यानेही तेच शील घेतले आहे, मीही घेतले आहे. म्हणजे त्याच्या वस्तूची, त्याच्या जीविताची जबाबदारी मी आधीच पत्करली. न दिलेले घ्यायचे नाही हे दुसरे शील. माझ्या हातून दुसऱ्याचे पाच हजारांचे नुकसान झाले आणि ते मी भरले नाही, तर त्याचे पाच हजार माझ्या खिशात राहिले. त्याने ते मला दिले होते का? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

दुसरी गोष्ट, दोष नेहमी एकाच बाजूला असतो असे नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग आहे. शाक्य आणि कोलीय यांच्या माणसांत मारामारी झाली. सेनापती म्हणाला, युद्ध करा. सिद्धार्थाने विरोध केला. तो म्हणाला की आगळीक कोणाची याची आधी चौकशी करा. आपल्या माणसांनीही आगळीक केली असेल तर आपणही निर्दोष नाही. शाक्यांचे दोन, कोलीयांचे दोन आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांनी तंटा मिटवावा, असे त्याने सुचवले. संघाने ते मानले नाही, आणि त्यातूनच पुढे त्याचे गृहत्याग झाले हे आपण जाणता.

समुद्राच्या कायद्याला ही समज यायला फार काळ लागला. इंग्लंडमध्ये दोन्ही जहाजांचा दोष निघाला की, दोष कमी असो वा जास्त, नुकसान सरसकट निम्मे निम्मे वाटत. 1910 च्या ब्रुसेल्स कराराने ठरवले की ज्याचा जितका दोष तितका त्याचा वाटा. आपल्याकडच्या 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्यातही हेच तत्त्व होते. हिशेब सोपा आहे. समजा, तुमचे नुकसान 80 हजार, समोरच्याचे 20 हजार. दोष तुमचा चार आणे, त्याचा बारा आणे. त्याने तुम्हाला 60 हजार द्यायचे, तुम्ही त्याला 5 हजार. वजा जाता 55 हजार तुमच्या हाती. यात शिवीगाळीला जागा कुठे आहे?

दोष ठरवायचा तर पाण्यावरचे नियम माहीत हवेत. 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम जगभर मानले जातात. इंजिनवाल्या बोटीने शिडाच्या होडीला वाट द्यावी. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने, मग तो शिडाचा का असेना, पुढच्यापासून दूर राहावे. दोन शिडाच्या होड्यांना वारा वेगवेगळ्या बाजूंनी लागत असेल, तर डाव्या बाजूने वारा घेणाऱ्याने बाजूला व्हावे. दोघांना एकाच बाजूने लागत असेल, तर वाऱ्याकडच्या होडीने दूर व्हावे. पण शिडाला सगळीकडे मोकळीक आहे असे समजू नका. अरुंद वाटेत मोठ्या जहाजाला अडवता येत नाही. जाळे टाकून मासेमारी करणाऱ्यालाही वाट द्यावी लागते. रहदारीच्या जागी नांगर टाकला तर रात्री पांढरा दिवा लावावा लागतो. आणि नजर ठेवणे सर्वांनाच बंधनकारक आहे.

आता धडक लागल्यावर प्रत्यक्षात काय करावे ते सांगतो. तरुणांनी लिहून घ्यावे.

पहिले, माणसे. कोणी पाण्यात पडले आहे का, कोणाला लागले आहे का, हे आधी पाहा. 1910 च्या करारानेही दोन्ही नौकांच्या प्रमुखांवर हे बंधन घातले की, स्वतःच्या नौकेला धोका नसेल तर दुसऱ्याला मदत करावी आणि आपल्या नौकेचे नाव-गाव सांगावे.

दुसरे, पाण्यावर वाद घालू नका. रागाच्या भरात "माझीच चूक" किंवा "तुझीच चूक" असे काहीही बोलू नका. बोटीचे नाव, नोंदणी क्रमांक, मालक आणि तांडेल यांची नावे, विमा आहे का, एवढेच शांतपणे विचारा. मालक जागेवर नसेल तर चिठ्ठी ठेवून जाणे हे धडक देणाऱ्याचे काम आहे. पण त्याने ठेवली नाही तर आजूबाजूच्या होडीवाल्यांना विचारा.

तिसरे, त्याच दिवशी लिहून काढा. वेळ, जागा, वारा कुठून होता, भरती की ओहोटी, कोण कोणत्या दिशेने चालले होते. एक साधा नकाशा काढा. मोबाईलवर फोटो घ्या, जवळून आणि लांबून, दोन्ही बोटींचे. साक्षीदारांची नावे घ्या. सहा महिन्यांनी आठवण बदलते, कागद बदलत नाही.

चौथे, नुकसान वाढू देऊ नका. पाणी आत येत असेल तर तात्पुरते भोक बुजवा, सामान कोरड्यावर काढा. "त्याने फोडली, आता बुडू दे" असे म्हणून हात बांधून बसलात, तर वाढलेले नुकसान तुमच्या माथी येते. मात्र कायमची दुरुस्ती पाहणीआधी करू नका. विमा असेल तर कंपनीला ताबडतोब कळवा आणि तिला न विचारता समोरच्याशी तडजोड करू नका.

पाचवे, पाहणी जाणकाराकडून करून घ्या. वरून ओरखडा दिसतो, आत थर सुटलेले असतात. फायबरवर हलके ठोकत गेले की जिथे आवाज बद्द येतो तिथे शंका घ्यावी. लाकडी होडीचे सांधे उघडले आहेत का ते बघा. डोलकाठीच्या तारा जिथे अंगाला बांधलेल्या असतात ती जागा आणि सुकाणू नक्की तपासा. डोलकाठी समुद्रात मोडली तर भरपाईचा कागद जीव वाचवत नाही.

सहावे, मागणी लेखी आणि खरी. दुरुस्तीचे दोन-तीन ठिकाणचे अंदाजपत्रक, बुडलेल्या दिवसांची मजुरी, होडी ओढून आणल्याचा खर्च. जुने कुजलेले शीड धडकेच्या बिलात घालू नका. ते चौथे शील मोडणे होईल, आणि एक खोटा आकडा सापडला की खरे आकडेही कोणी मानत नाही. पैसे मिळाले की काय मिटले ते लिहून दोघांच्या सह्या घ्या.

ऐकले नाही तर? आधी पंच: दोन, दोन आणि पाचवा. मग लोकअदालत. तिथे दोघांच्या संमतीने झालेला निवाडा अंतिम असतो. मोठ्या जहाजाने नुकसान केले असेल तर 1 एप्रिल 2018 पासून लागू झालेला नौकाधिकरण कायदा आहे. त्याखाली आपल्या किनाऱ्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावता येतो, आणि न्यायालय जहाज अडकवूनही ठेवू शकते. मुदतीचे वकिलाला लगेच विचारा.

काही जण म्हणतील, कोर्टकचेरी म्हणजे वैरच. बंधूंनो, महाडचे चवदार तळे आठवा. 1927 साली सत्याग्रह झाला. विरोधकांनी दावा लावला. बाबासाहेबांनी तो दहा वर्षे लढवला आणि 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. हक्क सोडला नाही, आणि कोणाच्या डोक्यात दगडही घातला नाही. आपला मार्ग हाच आहे.

क्षमेविषयी एकच सांगतो. क्षमा ही देणाऱ्याच्या खुशीची गोष्ट आहे. समोरचा आपल्याहून गरीब असेल, त्याची चूल बंद पडणार असेल, तर हप्ते द्या, काही रक्कम सोडा. ते तुमचे दान होईल. पण ज्याच्याकडे पैसा आहे त्याने आपल्या धम्माचे नाव घेऊन आपल्याकडून सूट काढावी, हे दान नव्हे. आणि आपल्या हातून दुसऱ्याची होडी फुटली, तर तो मागायला येण्याआधी आपण त्याच्या दारात जावे.

त्या तरुणाला मी हेच सांगितले: "बाळा, त्याला आधी जयभीम घाल, मग बिल दे." त्याने सविस्तर पत्र दिले. बोटवाल्याने तारेचे पैसे दिले आहेत, फायबरच्या कामाचे बोलणे चालू आहे. दोघांचे बोलणे बंद झालेले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

विहार समितीला माझी नम्र विनंती आहे की अशा लहानसहान नुकसानीच्या तंट्यांसाठी विहारात एक पंचमंडळ नेमावे. त्यात एक भगिनी असावी, एक कारागीर असावा आणि कायदा जाणणारा एक तरुण असावा. पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी माणसे विहाराची पायरी चढतील.

 

नमो बुद्धाय! जयभीम!