कळण्याचा हक्क



सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न निघाला की दवाखाने, खाटा, औषधे आणि डॉक्टर यांचा हिशेब मांडला जातो. तो आवश्यकच आहे. परंतु या हिशेबातून एक बाब हटकून सुटते, ती म्हणजे माहिती. गावात साथ आली आहे, पाणी उकळून प्यावयाचे आहे, अमुक दिवशी लस मिळणार आहे, हे ज्याला वेळेवर कळते त्याच्यापुरता दवाखाना अस्तित्वात असतो. ज्याला ते कळतच नाही, त्याच्या दृष्टीने तो असून नसल्यासारखाच.

अशी माणसे किती? २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद केली. त्यांतील सुमारे ५० लाखांना दृष्टीचे व तितक्याच लोकांना श्रवणाचे अपंगत्व होते. एकंदर संख्येपैकी ६९ टक्के खेड्यांत राहणारे, आणि जवळजवळ ४५ टक्के निरक्षर. ही मोजणी अपंगत्वाचे आठच प्रकार धरून झाली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले. म्हणजे खरा आकडा याहून मोठा असला पाहिजे.

२०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा या प्रश्नाची तीव्रता उघड झाली. टाळेबंदीला दोन दिवस होतात न होतात तोच, २६ मार्च रोजी, केंद्र सरकारच्या दिव्यांग सक्षमीकरण विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या. साथीची सर्व माहिती सोप्या स्थानिक भाषेत असावी, अंधांसाठी ती ब्रेलमध्ये व ध्वनिफितीवर मिळावी, कर्णबधिरांसाठी चित्रफितींना उपशीर्षके व सांकेतिक भाषेचा दुभाषा असावा, असे त्यांत स्पष्ट लिहिले होते. कागद निर्दोष होता. व्यवहार मात्र वेगळा झाला. लसीकरणासाठी उघडलेले ‘कोविन’ हे संकेतस्थळ दृष्टिहीनांना स्वतःच्या बळावर वापरता येत नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाला ३१ मे २०२१ च्या आदेशात घ्यावी लागली. आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरे ओळखा, असे ज्या यंत्रणेने प्रत्येक नागरिकाला सांगितले, तिच्या हिशेबी अंध नागरिक माणसांत जमा नव्हता, असाच याचा अर्थ होतो.

मुखपट्टीचेही तेच. ती आवश्यक होती यात वाद नाही. पण ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखणाऱ्या कर्णबधिराला तिने डॉक्टरांपासून तोडले. ‘कशालाही स्पर्श करू नका’ हा उपदेश स्पर्शानेच वाट शोधणाऱ्या अंधाने पाळावा तरी कसा? उपाय योजताना ही माणसे योजणाऱ्यांच्या नजरेसमोर नव्हती.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. ब्रिटनमध्ये सरकारने साथीविषयी केलेल्या दोन निवेदनांच्या वेळी सांकेतिक भाषेचा दुभाषा नव्हता. एका कर्णबधिर महिलेने न्यायालयात दाद मागितली, आणि हा भेदभाव आहे असा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये दिला. ही गैरसोय नव्हे, अन्याय आहे, हे तेथे कायद्याच्या भाषेत नोंदले गेले.

आता अडचण नेमकी कोठे आहे ते पाहू. शासनाचे मराठी परिपत्रक अनेकदा कागदाचे छायाचित्र काढून संकेतस्थळावर चढविले जाते. अंध व्यक्ती संगणकावर जे वाचक-सॉफ्टवेअर वापरते, त्याला अक्षरे वाचता येतात, चित्र वाचता येत नाही. मजकूर युनिकोडऐवजी जुन्या फाँटात असला, तर तोच मजकूर निरर्थक ध्वनींची माळ होऊन कानी पडतो. यावरचा उपाय खर्चाचा नाही. मूळ मजकूर युनिकोडमध्ये तसाच ठेवावा, एवढेच पुरे. ऑस्ट्रेलियातील एका अंध तरुणाने २००६ साली सुरू केलेले ‘एनव्हीडीए’ हे वाचक-सॉफ्टवेअर तर विनामूल्य मिळते.

कर्णबधिरांविषयी एक मोठा गैरसमज आहे. पडद्याखाली मराठी ओळी दिल्या की काम झाले, असे अनेकांना वाटते. परंतु भारतीय सांकेतिक भाषा ही मराठीची खुणांतली नक्कल नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. ज्याला शाळाच मिळाली नाही त्याला त्या ओळींचा उपयोग काय? त्याला दुभाषाच हवा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा कोश सिद्ध केला आहे. म्हणजे साधन आहे. ते तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोचविण्याची निकड कोणाला वाटत नाही. बौद्धिक अक्षमता असणाऱ्यांसाठी तर छोटी वाक्ये आणि स्पष्ट चित्रे एवढेच लागते, आणि त्याचा लाभ प्रत्येक निरक्षर श्रमिकालाही होतो.

कायदा दुबळा नाही. २०१६ च्या कायद्याचे ४२ वे कलम श्राव्य, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य असावा असे सांगते. पुढे नियमांत मात्र सुगम्यतेचे निकष शिफारशींच्या पातळीवर राहिले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून सक्तीचे निकष करण्याचा आदेश दिला. शिफारस आणि सक्ती यांतील हे अंतर म्हणजेच दया आणि हक्क यांतील अंतर होय. अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणून गौरवायचे आणि लसीची तारीख मात्र शेजाऱ्याला विचारायला लावायची, हा सन्मान नव्हे. शेजारी भला असेलही. पण ज्याला आपल्या रोगाची माहिती दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच्या देखत ऐकावी लागते, त्याचे स्वातंत्र्य अपुरेच राहते. क्षयाची किंवा गुप्तरोगाची शंका असलेल्या अंध स्त्रीने आपला अहवाल कोणाकडून वाचून घ्यावा?

म्हणून हे काम केवळ निवेदने देऊन संपणारे नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करावा असा दंडक आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या ग्रामपंचायतीत व नगरपालिकेत त्याचा हिशेब मागावा. त्यातून दुभाष्याचे मानधन आणि ध्वनिमुद्रित सूचना यांची तरतूद करवून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावरील मजकूर आशा कार्यकर्ती कोणत्या घरी जाऊन वाचून दाखविते, याची यादी गावात तयार व्हावी; आणि ती करताना अपंगांच्या संघटनांना प्रथम विचारावे, त्यांच्या वतीने परस्पर ठरवू नये. आपल्या सभा कोणत्या मजल्यावर भरतात आणि आपली पत्रके कोणाला वाचता येतात, हेही याच कसोटीवर तपासले पाहिजे.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आल्यावर दवंडी कोणाच्या कानी पडणार नाही आणि फलक कोणाला वाचता येणार नाही, हे मात्र आजच सांगता येते. जे आज ठाऊक आहे त्याची तजवीज आजच झाली पाहिजे.