चार दिवसांची रजा आणि चेन्नई शहर



वैशाखाच्या उन्हात हिवाळ्यातल्या सहलीवर बोलायला आम्ही उभे राहिलो आहोत, याचे कुणाला हसू आले असेल तर त्यात नवल नाही. परंतु ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याला डिसेंबरात चार दिवस बाहेर पडायचे असेल, तर त्याचा विचार वैशाखातच सुरू करावा लागतो. श्रीमंताची सहल मनात येते आणि निघते. गरिबाची सहल आठ महिने आधी हिशेबाच्या वहीत जन्मते. त्या वहीविषयी आणि ती आम्हांला ज्या शहरात घेऊन जाते त्या चेन्नईविषयी आज बोलणार आहोत.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. कामगार संघटनेच्या माणसाने पगारवाढीवर बोलावे, बोनसवर बोलावे. त्याला सहलीशी काय कर्तव्य? आमचे म्हणणे असे, की सुट्टी ही कामगार चळवळीची पहिली कमाई आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची हक्काची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीमुळे. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने, वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजेचा हक्क दिला. एवढ्या झगड्याने मिळवलेली रजा नुसती झोपण्यात आणि लग्नाच्या पंगती उठवण्यात घालवायची काय, हा आमचा प्रश्न आहे.

पण आपल्या सोलापुरात ही रजा आहे कुणाला? छोट्या यंत्रमागावर काम करणाऱ्या कितीतरी जणांची नावे हजेरीपटावरच नसतात. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला हजारी विड्यांवर मजुरी मिळते. ज्या दिवशी हात थांबला त्या दिवशी मजुरी थांबली. काही वर्षांपूर्वी आम्ही वस्तीत सहलीची गोष्ट काढली तेव्हा एक बाई तोंडावर म्हणाली, "फिरणं साहेबलोकांचं काम. गाडीभाड्याचं ठीक आहे हो, पण चार दिवस बसून खायला घालणार कोण?" प्रवासवर्णनांची पुष्कळ पुस्तके आम्ही रात्रशाळेच्या दिवसांपासून वाचली आहेत. हा प्रश्न एकातही विचारलेला आम्हांला आढळला नाही.

तेव्हापासून आमच्या वहीत खर्चाची पहिली ओळ गाडीभाड्याची नसते. पहिली ओळ असते 'बुडालेली मजुरी'. समजा, शुक्रवारी काम आटोपून रात्री निघालो, शनिवार, रविवार, सोमवार चेन्नईत काढले आणि मंगळवारी घरी आलो. रविवार सुट्टीचा धरला तर तीन दिवसांची मजुरी बुडाली. दिवसाला अडीचशे रुपये धरले तर साडेसातशे झाले. मे महिन्यापासून आठ हप्त्यांत हे वाटले, तर महिन्याला शंभरापेक्षाही कमी पडतात. ही रक्कम भिशीत वेगळी ठेवायची आणि परत आल्यावर ज्याची त्याच्या हातात द्यायची. गाडीभाडे, मुक्काम आणि जेवण या ओळी तिच्या खाली येतात. ही पहिली ओळ लिहिल्यावाचून आखलेली सहल घरच्या चुलीला महाग पडते. म्हणूनच आमच्या बायका पूर्वी येत नसत आणि आता येतात.

आता तिथीचा विचार. आपल्याकडे हिवाळा म्हणजे कोरडी हवा. चेन्नईचे तसे नाही. तिथला मुख्य पाऊस ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांचा. तो ऑक्टोबरात सुरू होतो आणि डिसेंबरापर्यंत रेंगाळतो. डिसेंबर २०१५ च्या आरंभी अड्यार नदीच्या पुराने ते शहर बुडाले होते, आणि डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात चक्रीवादळाच्या पावसाने पुन्हा पाणी भरले. म्हणून 'डिसेंबर म्हणजे थंडी' एवढ्यावर भिस्त ठेवून पहिल्या पंधरवड्यात जाऊ नये. जानेवारीच्या मध्यावर पोंगल येतो आणि गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. या दोहोंमधला काळ, म्हणजे डिसेंबरचा शेवटचा आणि जानेवारीचा पहिला आठवडा, हा आपला. त्या वेळी थंडी अशी नसतेच. सकाळी अंगावर पातळ चादर पुरते. स्वेटरचे ओझे घरी ठेवावे आणि छत्री घ्यावी.

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. म्हणजे डिसेंबरअखेरच्या गाडीसाठी ऑक्टोबरच्या शेवटी खिडकी गाठली पाहिजे. भिशीतले गाडीभाड्याचे पैसे दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती असावेत ते याचसाठी. सोलापूर हे मुंबई-चेन्नई हमरस्त्यावरचेच स्टेशन. सुमारे सव्वाआठशे किलोमीटरचा, एका रात्रीचा प्रवास. गाडी बदलण्याची दगदग नाही.

तीन दिवसांत काय पाहावे? आमचा नियम असा, की एका दिवसात तीन ठिकाणे, चौथे नाही. चौथ्या ठिकाणी माणूस पाहत नाही, फक्त मोजतो.

शनिवारी मुक्कामी पोचून अंघोळी उरकल्या, की एग्मोरचे सरकारी वस्तुसंग्रहालय. हे १८५१ सालचे. शुक्रवारी ते बंद असते. आमची सहल शनिवारी सुरू होते त्याचे एक कारण हेही. तिथल्या कांस्यमूर्तींच्या दालनात तिरुवालंगाडूचा नटराज आहे. आमच्याबरोबर ओतकाम करणारा एक कारागीर होता, तो त्या मूर्तीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मेणाचा साचा एकदाच वापरता येतो. चुकला तर सगळं गेलं." मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा हे एक वाक्य आम्हांला अधिक शिकवून गेले. संध्याकाळी मैलापूरचे कपालीश्वर मंदिर. दक्षिणेतली देवळे दुपारी बंद असतात आणि चारच्या पुढे उघडतात, हे ध्यानात ठेवावे.

रविवारी पहाटे उठावे. तो तमिळांचा मार्गळी महिना असतो. उजाडण्यापूर्वी बायका दारापुढे सडा घालून पिठाचे कोलम काढतात, आणि देवळांतून आंडाळची तिरुप्पावै कानी येते. आमच्या विडी कामगार भगिनी बसक्या चालीने गल्लीगल्लीतून कोलम पाहत गेल्या आणि आपली ठिपक्यांची रांगोळी त्यांच्याशी ताडून पाहू लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ठिपके दोघींना मोजता येत होते.

तिथून मरीना किनारा. समुद्र पाहावा, पाण्यात शिरू नये. तिथे ओढ भयंकर आहे आणि पोहायला मनाई आहे. याच किनाऱ्यावर २६ डिसेंबर २००४ च्या रविवारी सकाळी त्सुनामीची लाट आली होती. किनाऱ्यालगत देवीप्रसाद रायचौधुरी यांचे १९५९ साली उभारलेले श्रमाच्या विजयाचे शिल्प आहे. चार माणसे एक प्रचंड खडक हलवीत आहेत. त्यांच्या पाठीचे आणि पोटऱ्यांचे स्नायू पाहिले की शिल्पकाराने कष्टाकडे किती जवळून पाहिले असेल हे कळते. राजेरजवाड्यांचे पुतळे आपण पुष्कळ पाहतो. नाव नसलेल्या मजुरांचा असा पुतळा क्वचित. याच शहराच्या किनाऱ्यावर १ मे १९२३ रोजी सिंगारवेलर यांनी मे दिनाची सभा घेतली. हिंदुस्थानातला तो पहिला मे दिन मानतात.

मग जॉर्ज टाउन. तिथे तंबू चेट्टी रस्त्यावर कालिकांबाळचे देऊळ आहे. १६७७ सालच्या दक्षिणदिग्विजयात शिवछत्रपतींनी या देवीचे दर्शन घेतले, असे तिथे सांगतात. मराठी माणूस ते ऐकून हात जोडतो, आणि जोडावेतच. पण तिथून थोड्या अंतरावर आणखी एक वास्तू आहे, जिच्याकडे आमच्या पायांनी आपोआप वळावे असे आम्हांला वाटते. ती म्हणजे उच्च न्यायालयाची तांबडी इमारत, १८९२ सालची. रविवारी ती बाहेरूनच पाहायची.

तिची गोष्ट अशी. पेरांबूरच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतल्या कामगारांना दुपारी जेवायलाही पुरेसा वेळ मिळत नसे. एप्रिल १९१८ मध्ये त्यांची मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. आपल्या देशातल्या पहिल्या रीतसर कामगार संघटनांत तिची गणना होते. तिचे अध्यक्ष बी. पी. वाडिया हे मुंबईचे पारशी गृहस्थ, अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत काम करणारे. १९२० साली गिरणीवाल्यांनी वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला आणि याच न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम दिला. कामगारांना काम थांबवायला सांगणे हाच गुन्हा ठरला! देशभर खळबळ उडाली. तेव्हा आपल्या कुलाबा जिल्ह्यातले नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव मांडला, आणि १९२६ साली कायदा झाला. मद्रासच्या गिरणीत ठिणगी पडली, मुंबईच्या पारशाने खटला सोसला, कोकणच्या ब्राह्मणाने ठराव मांडला, आणि सोलापूरच्या विडीवालीच्या संघटनेला नोंदणीचा कागद मिळाला. त्या गिरण्या १९९६ साली बंद पडल्या. कायदा मात्र गिरणीपेक्षा अधिक टिकला.

संध्याकाळी गाणे. त्या दिवसांत शहरभर सभागृहांतून कर्नाटक संगीताचा उत्सव चालू असतो. १९२७ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या निमित्ताने झालेल्या संगीत परिषदेतून तिथली म्युझिक अकादमी निघाली. रात्रीच्या मैफलींना तिकीट असते. नवोदितांच्या दुपारच्या मैफली पुष्कळ ठिकाणी विनामूल्य असतात. आमच्यासारख्यांनी दुपारी जावे. सभागृहाच्या उपाहारगृहात पानावर जेवण मिळते. आणि खिसा हलका असेल तर २०१३ साली तिथल्या महापालिकेने सुरू केलेली अम्मा उणवगम ही स्वस्त भोजनालये आहेत. ज्या शहराने सुरुवातीला एक रुपयाला इडली देऊन मजुराला पोटभर खाऊ घातले त्या शहराला आम्ही नमस्कार करतो.

सोमवारी महाबलिपुरम. शहरापासून पन्नास-साठ किलोमीटर. बसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पल्लवांच्या काळातले, सातव्या-आठव्या शतकातले हे काम. पाच रथ, समुद्रकाठचे देऊळ आणि अखंड खडकावर कोरलेला तो प्रचंड देखावा. हा दिवस दुसऱ्या कशालाही देऊ नये. रात्री गाडी.

आता शेवटचे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. तिथे गेल्यावर हिंदी येत नाही म्हणून समोरच्यावर चिडणारे प्रवासी आम्ही पाहिले आहेत. मुंबईत येणाऱ्याने मराठी शिकावे असे आपण म्हणतो. मग तीच फूटपट्टी आपण पाहुणे असताना आपल्याला लागू नाही काय? जाण्यापूर्वी चार शब्द पाठ करावेत : वणक्कम् म्हणजे नमस्कार, तण्णीर म्हणजे पाणी, एव्वळवु म्हणजे किती, नन्ऱी म्हणजे आभार. १९६० नंतरच्या दशकात मुंबईत दाक्षिणात्य माणसांविरुद्ध घोषणा झाल्या, हे आमच्या आधीच्या पिढीने पाहिले. त्या घोषणा देणाऱ्यांपैकी किती जणांनी मद्रास पाहिले होते, हा प्रश्न आम्हांला पडतो. ज्याच्या अंगणातले कोलम आपण पाहिले, ज्याने आपल्याला वाट दाखवली, त्याच्याविरुद्ध ओरडायला जीभ जड होते. मालकवर्गाला माणसे भाषेवरून विभागलेली बरी वाटतात. सहल ही त्यावर फार स्वस्त तोड आहे.

ती बाई, जिने चार दिवसांचा प्रश्न विचारला होता, पुढच्याच वर्षी आमच्याबरोबर आली. परतताना तिने बुडालेल्या मजुरीचे पाकीट मोजून घेतले, कमरेला खोचले आणि विचारले, "पुढल्या भिशीचा हप्ता कधीपासून?" उत्तर आम्ही आज आपणा सर्वांनाच देतो. येत्या एक तारखेपासून.