कळसूबाईला जायचं म्हणजे
(नाशिकच्या गटाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



गेल्या डिसेंबरात आपण नऊजणी कळसूबाईला निघालो आणि शिखर न गाठताच परतलो. आता पुन्हा जायचं घाटतंय, म्हणून त्या दिवसाचा हिशेब मांडायचं काम माझ्याकडे आलं आहे.

डोंगराचा दोष नव्हता, हे आधी सांगते. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पण त्याला दोर लागत नाही की गिर्यारोहणाचं शिक्षण. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट चढते, उभ्या कातळावर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. नवरात्रात आसपासच्या गावांतल्या बाया देवीला म्हणून चढून जातात.

आपलं बिनसलं ते नाशकातच. पाचला निघायचं ठरलं होतं, जीप हलली पावणेआठला. का? एकीने दोन्ही वेळचा स्वयंपाक करून ठेवला. एक नळाला पाणी यायची वाट पाहत थांबली. मी स्वतः रात्री अकराला भाजी चिरत बसले होते. कुणी सांगितलं नव्हतं हो! एक दिवस स्वतःसाठी घ्यायचा तर त्याचं मोल आधी चुकवून जावं, असं आपल्याच हाडात मुरलंय.

आणि गंमत बघा, जिच्याकडे निघालो होतो तिची गोष्ट काय? कळसू नावाची कोळ्याची पोर एका घरी कामाला राहिली ती अट घालून, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस पाहुणे आले, घरधन्याने नेमकी तीच कामं सांगितली. तिने ती केली, आणि तडक डोंगर चढून गेली. परत खाली उतरलीच नाही. आपण मात्र भांडी घासून, केर काढून, उशिरा तिच्या पायथ्याशी पोचलो.

दुसरी गोष्ट पाण्याची. ही मला जास्त लागली आहे. बाटल्या सगळ्यांकडे भरलेल्या होत्या आणि दुपारपर्यंत भरलेल्याच राहिल्या. वाटेत आडोसा मिळेल का, या धास्तीने कुणी घोटभरही पीत नव्हतं. मुंबईत बायकांनी २०११ साली 'राईट टू पी' मोहीम सुरू केली, तेव्हा आपण इथे सभेत टाळ्या वाजवल्या होत्या. पण डोंगरावर एकमेकींना "मला जायचंय, जरा उभी राहा" एवढं म्हणायला लाजलो. शेवटी एकीच्या पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली. मीठ-साखरेचं पाणी दिलं, तासभर सावलीत बसवलं. तेव्हा दोन वाजून गेले होते, शेवटची शिडी समोर दिसत होती. दोघी म्हणाल्या, आम्ही वर जाऊन येतो. तिथे जे भांडण झालं ते सगळ्यांना आठवतंय. परत फिरलो ते योग्यच केलं, असं मला आजही वाटतं. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि टॉर्च नऊजणींत दोनच होते.

तेव्हा या खेपेला दिवस सूर्यास्तापासून मागे मोजायचा. चारला बारीत खाली हवं. उतरायला तीन-साडेतीन तास धरा, गुडघे दुखणाऱ्या आहेत आपल्यात. म्हणजे साडेबाराला, जिथे असू तिथून, मागे वळायचं. शिखर दहा पावलांवर असलं तरी. हे आजच ठरवू, वर गेल्यावर वाद नको. त्यासाठी साडेसातला चढायला लागायचं, पाचला घर सोडायचं. सगळ्यात सावकाश चालणारी पुढे राहील. पाणी प्रत्येकीने तीन लिटर घ्यायचं आणि ते प्यायचं. वरच्या विहिरीच्या भरवशावर राहायचं नाही. दोन साड्या आडोशाला, पाळीचे कपडे एका पिशवीत सगळ्यांसाठी. मोबाईलला सगळीकडे रेंज असेलच असं नाही, म्हणून बारीत एका घरी नावं आणि परतायची वेळ सांगून जायचं. जेवणही तिथेच सांगू, आणि पैसे देताना घासाघीस नको.

वार मधला घेऊ. रविवारी शिड्यांपाशी रांग लागते. आपल्यातल्या दोघी घरकाम करतात, त्यांचा रोज बुडेल. तो गटाच्या पैशातून द्यावा असं मी सुचवते. आणि घरी परतीची वेळ नऊ सांगा, सात नव्हे.

स्वयंपाकाचं मी काय सांगू? "करून येऊ नका" म्हणणं मला सोपं आहे, माझ्या घरी सासू नाही. पण जिला शक्य आहे तिने तरी करून येऊ नये.

राहता राहिली ती, जिला अंधारी आली होती. त्या रात्री ती साडेदहाला घरी पोचली. तेव्हापासून ती बैठकीलाही आलेली नाही. घरच्यांनी बंद केलंय. आपण तिला सुखरूप खाली आणलं, पण दारापर्यंत सोबत कुणी गेलं नाही, मीसुद्धा नाही. येत्या बुधवारी संध्याकाळी मी तिच्या घरी जाणार आहे. माझ्याबरोबर कोण येतंय?