मोटारसायकलीचा टेका

1970 सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्व तीरावर नवी मुंबई वसूं लागली. तेथील बरीचशी जमीन खाजणावर भराव घालून केलेली. पावसाळ्यांत रस्त्याकडेची माती भिजून मऊ झाली, कीं रांगेंत उभ्या असलेल्या एखाद्या मोटारसायकलीचा साइड स्टँड तींत रुततो. गाडी शेजारणीला घेऊन कोसळते. आणि जवळून एखादें मूल चालत असेल, तर दीडशें किलोंचें धूड त्याच्या अंगावर येतें.

यावर पुष्कळ चालक जाड दांड्याचा नवा स्टँड बसवून घेतात. परंतु रुततें तें खालचें पाऊल, दांडा नव्हे! पावलाची लांबी व रुंदी दुप्पट केली, म्हणजे क्षेत्रफळ चौपट होऊन जमिनीवरील दाब चतुर्थांशावर येतो. मात्र पावलाखालीं जाड पत्रा जोडल्यास उंचीही वाढते. स्टँड लांब झाला, तर गाडी जवळजवळ ताठ राहून जराशा धक्क्यानें उजवीकडे उलथते. आखूड झाला, तर डावीकडे फार कलते.

कित्येकदां दोष स्टँडचा नसतोच. बिजागरीचा बोल्ट झिजून सैल झालेला असतो. तो आधीं पाहावा. स्प्रिंगही ताठ हवी. धावत्या गाडीचा स्टँड खालीं लोंबला आणि डाव्या वळणावर रस्त्यास टेकला, तर चालकाच्या जिवाशींच गाठ. कांहीं गाड्यांत स्टँड खालीं असतां इंजिन बंद पाडणारी कळ असते. नव्या स्टँडनें तीही पूर्वीप्रमाणेंच चालते कीं नाहीं, हें कारागिरासमक्ष पाहून मगच पैसे द्यावेत.