गावची दारू खरंच कोणी बंद केली?
(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ही स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा एक वाक्य आम्ही आधीच लिहून ठेवलं होतं. "आपल्या दिंडीमुळे पंचक्रोशीतली दारू बंद झाली." लहानपणापासून ऐकत आलेलं वाक्य. छापायला द्यायच्या आधी आमच्यातल्याच एका माळकऱ्याने विचारलं, "पुरावा काय?" आम्हाला थोडा रागच आला. पण प्रश्न रास्त होता. म्हणून कागद शोधायला निघालो. काय सापडलं ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पारख करणं आपल्या संप्रदायाला नवं नाही. गाथेतला एखादा अभंग तुकोबांचा की मागाहून कोणी घातलेला, यावर आपल्याच फडांवर रात्र-रात्र चर्चा होतात. साजगावच्या धाकट्या पंढरीला आपण जातो आणि तुकोबाराय मिरच्या विकायला इकडे उतरले होते ही कथा ऐकतो. महिपतीबुवांनी भक्तलीलामृत १७७४ साली पूर्ण केलं आणि तुकोबा वैकुंठाला गेले १६५० साली. मधे सव्वाशे वर्षं गेली. म्हणून आपली श्रद्धा कमी होत नाही. पण ही डोळ्यांनी पाहिलेली साक्ष नाही, परंपरेने आलेली आहे, एवढं आपण जाणतो. दारूबंदीच्या कागदांना तोच न्याय लावायचा. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, त्यात त्याचा लाभ काय, आणि दुसरा साक्षीदार आहे का?

पहिल्यांदा आम्ही इंग्रजांचं गॅझेटियर काढलं. कुलाबा जिल्ह्याचा खंड १८८३ चा. त्यात कर्जत शोधलं तर मिळेना! मग कळलं की तेव्हा कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता, कुलाब्याला जोडला १८९१ साली. म्हणजे आपली माहिती १८८२ च्या ठाण्याच्या खंडात. चुकीच्या पेटीत शोधलं आणि "काहीच नाही" असं म्हणून परत आलो असतो तर फसलो असतो.

त्या जुन्या सरकारी लिखाणात कातकरी बांधवांना दारुडे म्हणून मोकळं झालेलं दिसतं. इथे थांबून विचारायला हवं की लिहिणारा कोण? ज्या सरकारचा अधिकारी हे लिहीत होता, त्याच सरकारची तिजोरी आबकारीवर भरत होती. १८७८ चा आबकारी कायदा त्याच सरकारचा. उरणला मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या, तिथला माल परवान्याने विकला जाई. विकणारा म्हणतो, पिणारा वाईट. असली साक्ष एकट्याने धरायची नसते.

पुढे १८९२ चा मोहाचा कायदा आला, ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी. घरी मोहाची फुलं साठवण्यावर बंधन. नुसतं वाचलं तर वाटतं, वा, सरकारला दारूचा किती तिटकारा! पण गुत्ते तर चालूच होते. घरची भट्टी बंद झाली की गिऱ्हाईक गुत्त्यावर जाणार, हा त्यातला हिशेब. आणि मोहाचं फूल म्हणजे आदिवासीच्या घरी पोटाला आधार, ते नुसतं दारूचं सामान नव्हे.

आकड्यांचंही तसंच. आबकारीचं उत्पन्न वाढलं म्हणजे पिणं वाढलं असं धरता येत नाही. चोरटी दारू पकडली गेली आणि लोक परवान्याच्या दुकानात गेले, तरीही उत्पन्न वाढतं. पुढे बंदीच्या काळात खटले वाढले म्हणजे दारू वाढली, असंही नाही. पोलीस जागे झाले असतील. आकडा खोटा नसतो, पण तो कशाचा आकडा आहे हे विचारावं लागतं.

आता आपल्या राज्याची बंदी. १९३९ च्या १ ऑगस्टला बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. डॉ. गिल्डर तेव्हा त्या खात्याचे मंत्री. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यात बंदी आली. आपले वडीलधारे "पन्नास साली दारू बंद झाली" म्हणतात ते हेच. तो कायदा आजही रद्द झालेला नाही, आणि परवान्याची दुकानंही रस्त्याला उभी आहेत. म्हणजे कायद्याच्या पुस्तकावरून गावात काय घडत होतं ते कळत नाही. बंदीत गूळ-नवसागराची हातभट्टी रानात, ओढ्याच्या काठाला गेली, हे आपण सगळे जाणतो.

मग आम्ही आपल्या दिंडीची जुनी वही उघडली. कोणी कधी माळ घेतली याची त्यात सुंदर अक्षरात नोंद आहे. पण काही नावांवर काट मारलेली आहे. का, ते लिहिलेलं नाही. माळ तुटली असेल, माणूस मुंबईला गिरणीत गेला असेल, वारला असेल. आपल्या वहीनेही जे अभिमानाचं तेवढंच लिहिलं, पडलेल्याची गोष्ट लिहिली नाही.

शेवटी एका वाडीवरच्या आजीकडे गेलो. आम्ही विचारलं, "आजी, दिंडीमुळे दारू बंद झाली ना?" आजी हसल्या. म्हणाल्या, "झाली की रं बाबांनो. सप्ता बसला की सात दिस बंद. काल्याचा प्रसाद खाल्ला, तुम्ही गेलात, की आठव्या दिशी माझी पितळेची कळशी त्याच्याकडं गहाण."

आम्ही गप्पच झालो. आपल्या सगळ्या आठवणी त्या सात दिवसांच्या! कीर्तनकारांनी गाव पाहिलं ते सप्ताहात, आणि तेच सांगितलं. खोटं कोणीच बोललं नाही. आठव्या दिवसाची साक्ष बायांकडे होती, ती आम्ही शंभर वर्षांत विचारली नाही.

तरी आजी पुढे हेही म्हणाल्या की त्यांच्या धाकट्या दिराने माळ घेतली ती मरेपर्यंत सांभाळली, आणि त्याच्या घरातली भांडी घरातच राहिली. हेही तितकंच खरं, आणि तेही लिहायला हवं.

म्हणून ते वाक्य आम्ही बदललं. आता स्मरणिकेत असं छापलं आहे: "दिंडीमुळे काही घरांतली दारू कायमची सुटली, बऱ्याच घरांतली सप्ताहापुरती." वाक्य लहान झालं, काहींना ते लागेलही. पण पांडुरंगापुढे उभं राहून वाचता येईल असं झालं.

यातून पुढचं कामही दिसतं. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर परवान्याचं दुकान बंद करता येतं. रानातल्या भट्टीला मात्र ते मत लागू पडत नाही. तिथे आठव्या दिवशी त्या घरी जाऊन बसणारा माणूस लागतो. यंदापासून दिंडीच्या वहीत आम्ही एक नवं पान घातलं आहे. माळ घेतलेल्याच्या घरी महिन्याने कोण गेलं, घरच्या बाईने काय सांगितलं, ते तिच्याच शब्दांत लिहायचं. नाव काटायची वेळ आली तर कारण लिहायचं, आणि पुन्हा माळ घ्यायला तो आला तर तेही लिहायचं. पुढच्या शंभर वर्षांनी कोणी पुरावा मागितला, तर त्याला हे पान दाखवता येईल.